मिशीवाल्या कप्तानाचा आडवा हात

एबनेझर वाघचौरे केडगाव स्टेशनाबाहेर तुम्हाला दिसला, तर तुम्ही त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघणार नाही. बेताची उंची, कंपनीचा निळा शर्ट, पाठीला सॅक. सॅकमध्ये जेवणाचा डबा, आणि डब्यातलं तेल लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं चित्रांचं पॅड. कुरकुंभच्या एका औषधी रसायनांच्या कारखान्यात तो ऑपरेटर आहे. निम्मं आयुष्य तीन पाळ्यांत गेलं. पण याच माणसाने काढलेल्या अंतराळयानांवर नागपूरपासून सावंतवाडीपर्यंतची माणसं जीव टाकतात, हे केडगावात कुणाला सांगितलं तर तो आधी हसेल आणि मग विचारील, "कोन? आपला एबन?"

हो, आपला एबन. त्याची सुरुवात झाली ती रविवारच्या शाळेत. तिथे दबोराबाई नावाच्या शिक्षिका होत्या. मुलांना बायबलातल्या गोष्टी सांगताना दाखवायला त्यांना मोठाले तक्ते लागायचे. एबनचे वडील पीटर दुकानांच्या पाट्या रंगवत, त्यामुळे घरात रंगांना तोटा नव्हता. बाईंनी एबनला नोहाचं तारू रंगवून आणायला सांगितलं. पोराने मन लावून रंगवलं. प्राणी जोडीजोडीने चढताहेत, नोहा दाढीवर हात फिरवत उभा आहे, सगळं जिथल्या तिथे. फक्त तारवाला गोल गोल खिडक्या होत्या आणि बुडाखालून जाळ निघत होता.

"एबन, हे तारू पाण्यावर तरंगणार का आभाळात जाणार?" बाईंनी विचारलं.

"पानी लई वाढलं तर आभाळातच जावं लागंल की, बाई."

पाळकसाहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं म्हणतात. पण दबोराबाई खमक्या. त्यांनी तक्ता भिंतीवर लावलाच. पुढे कैक वर्षं केडगावातल्या ख्रिस्ती पोरांची अशी ठाम समजूत होती की प्रलयाच्या वेळी नोहा रॉकेटमध्ये बसून निघून गेला.

पुढे दौंडला आयटीआय झालं, कुरकुंभला नोकरी लागली, कृपाशी लग्न झालं. चारचौघांचं होतं तसं सगळं झालं. पण खिडक्यांची आणि जाळाची खोड काही गेली नाही. दौंड स्टेशनावर गाडीची वाट बघताना त्याच्या हाती एक फाटका दिवाळी अंक लागला. त्यात परग्रहावर अडकलेल्या माणसांची कथा होती आणि शेजारी छापलेलं चित्र इतकं रद्दी होतं की एबनला रागच आला. यानाला दार नाही, शिडी नाही, मग ही माणसं उतरली कुठून? घरी येऊन त्याने त्याच कथेचं स्वतःचं चित्र काढलं आणि अंकाच्या पत्त्यावर पाठवून दिलं. अंकवाल्यांनी उत्तर दिलं नाही. पण ते चित्र फिरत फिरत शिरूरच्या विश्वजीत सरांकडे पोचलं, आणि सरांनी मात्र त्याला हुडकून काढलं.

विश्वजीत सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात आणि उरलेल्या वेळात 'दूरस्थ' चालवतात. 'दूरस्थ' म्हणजे विज्ञानकथांनी डोकं फिरलेल्या लोकांचं मंडळ आणि त्याच नावाचा अंक. पूर्वी झेरॉक्स करून पोस्टाने जायचा, आता फोनवर जातो. त्यात कुणी कथा लिहितं, कुणी चित्रं काढतं, बरेचजण नुसतेच वाचतात, पण भांडतात सगळे. पैशाचा संबंध नाही, निव्वळ हौस. या मंडळात एबनेझर वाघचौरेचा 'ए. वा.' झाला. 'ए. वा.' या सहीची इंजिनघरं पाहून लोक लिहायचे: केवढी ही कल्पनाशक्ती! ते पाइपांचं जंगल, त्या टाक्या, ते जिने, हे सुचतं तरी कसं?

आता काय सांगणार? सुचत काही नव्हतं. ते सगळं दोन नंबरच्या प्लांटमधलं होतं. प्लांटमध्ये मोबाइल न्यायला बंदी, गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणून एबन डोळ्यांनी बघून घ्यायचा आणि घरी आल्यावर कृपाचं शिलाई मशीन बाजूला सारून त्याच टेबलावर कागदावर उतरवायचा. इनामगावला नदीकाठी निघालेल्या जुन्या खापरांवरची नक्षी त्याने एकदा पाहिली, तर तीसुद्धा उचलून परग्रहावरच्या बायांच्या घागरींवर नेऊन ठेवली. त्याला या गोष्टीची लाज नव्हती, उलट घमेंड होती. "मी बघतो त्येच काढतो," तो कृपाला म्हणायचा. "एक बोल्ट इकडचा तिकडं व्हनार न्हाई."

आणि त्या सगळ्या चित्रांत एक माणूस होता. काचेच्या टोपात न मावणाऱ्या झुपकेदार मिशांचा कप्तान. 'दूरस्थ'वाल्यांनी त्याचं नाव मिशीवाला कप्तान ठेवलं होतं. त्याच्यावर दोघांनी कथा रचल्या, एका बाईंनी तर त्याची आरती केली होती. खरा कप्तान होता हौसराव, एबनचा प्लांटमधला जोडीदार. पाटसजवळच्या वस्तीवरचा, घरी ऊस, दारात म्हशी, आणि एबनपेक्षा बराच मोठा म्हणून एबन त्यांना आप्पा म्हणायचा. आप्पांना विज्ञानकथा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती.

"आरं, आधी केडगावाला वेळेवर गाडी थांबू दे, मग जा मंगळावर," ते म्हणायचे.

पण चित्रात आपण आहोत हे कळल्यापासून ते मिशांना तेल जरा जास्त लावू लागले होते, हे सगळ्या पाळीने पाहिलेलं आहे.

दिवाळीआधी प्लांटचं शटडाऊन होतं. महिन्याभराची साफसफाई, डागडुजी, रंगरंगोटी. भांडी रिकामी, वाफ बंद, ठेकेदाराची माणसं सगळीकडे चढलेली. 'दूरस्थ'च्या मुखपृष्ठासाठी एबनला मोठं चित्र हवं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्याने आप्पांना दोन नंबरच्या मोठ्या भांड्याच्या माथ्यावर, वरच्या प्लॅटफॉर्मवर नेऊन उभं केलं.

"छाती बाहेर काढा, आप्पा. लांब बघा. तिकडं मंगळ हाय असं समजा."

"तिकडं माझी वस्ती हाय," आप्पा म्हणाले. तरीही त्यांनी पाटसच्या दिशेने असं काही रोखून पाहिलं की खाली रंगारी काम सोडून बघत राहिले. एबनने डोळे भरून बघून घेतलं, घरी जाऊन काढलं आणि रंगवायला पुढचे कितीतरी दिवस घेतले. चित्राचं नाव 'निघण्याआधी'. यानाच्या इंजिनघरात कप्तान एकटा उभा, एक हात व्हॉल्व्हच्या दांड्यावर, नजर दूर. अंक गेला आणि फोन वाजायचा थांबेना. विश्वजीत सर म्हणाले, एबन, तुमचं आजवरचं हे सगळ्यात चांगलं चित्र.

एबनला मेळाव्याचं बोलावणं आलं. 'दूरस्थ'चा मेळावा वर्षातून एकदा, शिरूरला, एप्रिलमध्ये भरतो. इतकी वर्षं पाळीमुळे किंवा लाजेमुळे एबन कधी गेला नव्हता. या खेपेला त्याचं चित्र हॉलच्या मधोमध लागणार होतं. पण त्या दिवशी त्याची नेमकी पहिली पाळी. तो आठवडाभर तोंड पाडून फिरला तेव्हा आप्पाच वैतागले.

"जा बाबा, जा. माझी सुट्टी हाय त्या दिवशी. तुझ्या जागी मी येतो. माझ्या मिशा दाखवून ये लोकांना."

तर असा एबनेझर वाघचौरे, इस्त्रीचा शर्ट घालून, कृपाने भरून दिलेली पाण्याची बाटली घेऊन शिरूरला पोचला, आणि हॉलमध्ये पाऊल ठेवताच माणसं उठून उभी राहिली. एवढी माणसं आपल्यासाठी उभी राहतात हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं. तो रडायच्या बेताला आला होता.

मेळाव्यात एक जुना रिवाज आहे, त्याला खोडसत्र म्हणतात. ज्याची कथा किंवा चित्र असेल त्याने त्याच्याशेजारी उभं राहायचं आणि बाकीच्यांनी त्यातल्या विज्ञानाच्या चुका काढायच्या. चंद्रावर झेंडा फडकला कसा, पोकळीत स्फोटाचा आवाज आला कसा, असं. चुका काढणं संपेपर्यंत उभ्या माणसाने तोंड उघडायचं नाही, हा कडक नियम. चूक पटली तर त्याने सगळ्यांना मठ्ठा पाजायचा. हॉलच्या कोपऱ्यात मठ्ठ्याचं पिंप आधीच आणून ठेवलेलं असतं, म्हणजे कुणी सुटून जाईल अशी अपेक्षाच नसते.

एबन हाताची घडी घालून 'निघण्याआधी'शेजारी उभा राहिला. एकाने टोपातून मिशा बाहेर येण्यावर आक्षेप घेतला, पण त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. मग मागून एक बाई पुढे आल्या. सुलक्षणा काळभोर त्यांचं नाव, रांजणगावच्या एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघणाऱ्या. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी चित्राला जवळजवळ नाक लावलं.

"या कप्तानाला मी आज कामावरून काढून टाकीन," त्या म्हणाल्या.

हॉल हसला.

"हसू नका. हे बघा, इथे सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. भांड्यात दाब वाढला की वाफेला वाट करून देणारा. त्याच्या खाली हा साधा व्हॉल्व्ह. दांडा पाइपाच्या रेषेत असला तर वाट उघडी, पाइपाला आडवा असला तर बंद. आणि हे महाशय दांडा आडवा करून वर हात ठेवून मंगळाकडे बघतायत! कुकरची शिट्टी बांधून ठेवावी तसं झालं हे. दाब वाढला की यान फुटणार. मंगळ राहू द्या, घोडनदीच्या पुलापर्यंतसुद्धा पोचायचं नाही."

"मठ्ठा! मठ्ठा!" सगळ्या हॉलने टेबलं बडवली. विश्वजीत सर स्वतः पेले मांडायला उठले.

एबनचं तोंड मिटलेलं होतं, पण आतून तो उकळत होता. त्याच्या चित्रात चूक? बोल्ट मोजून काढलेल्या चित्रात? सरांनी हात वर करून त्याला बोलायची परवानगी दिली तेव्हा त्याने छाती पुढे काढली.

"म्याडम, बाकी काय बी म्हना. पर ह्ये कल्पनेतलं न्हाई. मी बघतो त्येच काढतो. ह्यो व्हॉल्व्ह आमच्या प्लांटात अस्साच हाय. कालच बघितलाय."

आणि तो हसून टाळ्यांची वाट बघू लागला. एकदोघांनी वाजवल्याही. सुलक्षणाबाईंनी मात्र चष्मा काढला.

"असाच म्हणजे? आडवा?"

"आडवा."

"काल? प्लांट चालू असताना?"

एबनने डोळे मिटले. डोळे मिटले की त्याला सगळं दिसतं, त्याची विद्याच ती. काल दुपारी तो दोन नंबरच्या भांड्याशेजारून गेला होता. रोज जातो. चित्र छापून आल्यापासून त्याला एक सवय लागली होती: भांड्याशेजारून जाताना मान वर करून त्या व्हॉल्व्हकडे बघायचं आणि मनातल्या मनात खूश व्हायचं. अगदी चित्रातल्यासारखा. तोच दांडा, तोच कोन, हुबेहूब. कालही त्याने मान वर केली होती. कालही खूश झाला होता. दांडा पाइपाला आडवा होता, त्याच्याभोवती साखळी होती आणि साखळीला कुलूप होतं.

कित्येक वर्षं ऑपरेटर असलेल्या माणसाला दांडा आडवा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं असं नाही. शेंबडं पोरगंही सांगेल. पण इतके महिने वर बघत होता तो चित्रकार, ऑपरेटर नव्हेच. चित्राशी जुळतंय ना, मग बरोबर आहे. डोळे मिटल्यामिटल्या एबनला हे कळलं. त्याने शेजारची खुर्ची धरली.

"आत्ता तिथे कोण आहे?" सुलक्षणाबाईंनी विचारलं.

"आप्पा," एबन म्हणाला, आणि त्याने हात वर केला तो चित्रातल्या कप्तानाकडे. "ह्ये. ह्ये तिथं हायेत. माझ्या जागी."

आप्पांचा फोन गेटवरच्या लॉकरमध्ये होता, तो वाजून वाजून बंद झाला. मग एबनने गेटला फोन लावला. गेटवरचा सिक्युरिटीवाला बिहारकडचा, नवीन.

"दो नंबर का व्हॉल्व्ह बंद है, जल्दी बताओ अंदर!"

"आप कौन? आपको कैसे मालूम?"

"चित्र में देखा," एबन बोलून गेला. पलीकडून फोन ठेवला गेला.

हे सांगताना आज लोक हसतात. त्या वेळी हॉलमध्ये कुणाला हसू आलं नाही. विश्वजीत सरांनी कंपनीच्या वेबसाइटवरून ऑफिसचा नंबर काढला, ऑफिसने कंट्रोल रूमला जोडून दिला. तिथे शिफ्ट इन्चार्ज साई होता, एबनला मामा म्हणणारा तरुण इंजिनिअर.

"साई, दोन नंबरचा सेफ्टीखालचा व्हॉल्व्ह आडवा हाय. बंद हाय. कुलूप घातलंय त्याला."

"मामा, काहीतरीच काय? कधी बघितलंत?"

"काल."

"काल बघितलं आणि आज सांगताय?"

एबनने फोन स्पीकरवर टाकला.

"आणि मामा, सकाळीच बॅच चढवलीय. माल तापतोय. आत्ता मध्येच कसं..."

सुलक्षणाबाईंनी एबनच्या हातातून फोन ओढून घेतला. "वाफ बंद करा. थंड पाणी पूर्ण सोडा. प्लॅटफॉर्मवर आणि आजूबाजूला कुणी असेल तर आधी खाली घ्या, बाहेर काढा. कुलुपाला हात लावायला कुणालाही आत्ता वर पाठवू नका. समजलं?"

"तुम्ही कोण बोलताय?"

"मी इथे चित्र बघायला आलेली बाई. वाफ बंद करा म्हणते ना!"

मग फोन कट झाला. त्यांनी कट केला, का साईने, का तिकडे आणखी काही झालं, कळलं नाही. पुन्हा लावला तर उचलेना.

विश्वजीत सरांच्या गाडीत तिघं बसले. न्हावरा मागे पडलं, चौफुल्याला गाडी हायवेला लागली. एबनचे डोळे समोरच्या आभाळावर होते. धूर दिसतोय का ते तो बघत होता. प्रार्थना करायला लहानपणापासून शिकलेल्या या माणसाला त्या वाटेवर एक शब्द आठवला नाही, फक्त "आप्पा, खाली उतरा" एवढंच तो पुटपुटत राहिला. पाटसला हायवेवरून आप्पांच्या वस्तीची झाडं दिसली तेव्हा त्याने तोंड फिरवलं. घरचे लोक शेतात असतील, त्यांना काही माहीत नसेल. आपण जायला पाहिजे होतं तिथे आप्पांना पाठवलं, आणि आपण गेलो कुठे, तर आप्पांच्या मिशा दाखवायला!

कुरकुंभला पोचले तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. गेटच्या आत कडुनिंबाखाली, जिथे धोक्याच्या वेळी सगळ्यांनी जमायचं असतं, तिथे सगळी पाळी उभी होती. आणि सगळ्यात पुढे, हेल्मेट मांडीवर घेऊन, तंबाखू मळत, हौसराव आप्पा बसले होते.

एबन धावत गेला आणि त्यांच्या गळ्यात पडला. आप्पांची तंबाखू सांडली.

"आरं, सोड! मेलो न्हाई अजून. झालं तरी काय? ह्यो साई म्हनतो, खाली उतरा, पळा. सांगंना काहीच."

साई येत होता. भांडं थंड झाल्यावर त्याने आणखी एकाला घेऊन वर जाऊन बघितलं होतं, ते त्याने सांगितलं. व्हॉल्व्ह बंदच होता. आणि थंड करण्याआधी काट्याने दाखवलेला दाब रोजच्यापेक्षा वर होता. फार नाही, पण वर होता. फोन आला त्या वेळी तो वाढतच होता आणि वाढलेला दाब जायला वाट नव्हती.

दिवाळीपासून आतापर्यंत किती बॅचा त्या भांड्यात शिजल्या, आणि त्याच्या पोटाखाली कितीजणांनी डबे उघडून जेवण केलं, ते जो तो आपापल्या मनात आठवत असावा.

"उघडा दांडा कुणी फिरवू नये म्हणून असतं ते साखळी-कुलूप ठेकेदाराच्या माणसांनी शटडाऊन संपताना घातलं," साई म्हणाला. "रंगासाठी काढलं होतं, दांडा होता तसा ठेवून परत लावलं. त्यांना काय कळतंय? आम्ही कुलूप बघितलं आणि पुढे गेलो. ते आमचं चुकलं. पण मला हे सांगा, दांडा आडवा केला कुणी? रिकाम्या भांड्याचा व्हॉल्व्ह फिरवायचं कारणच काय?"

"मी केलता की," आप्पा म्हणाले.

ते अगदी सहज म्हणाले. म्हैस कुणी बांधली विचारल्यावर सांगावं तसं. मग आपण काय बोललो ते त्यांच्या कानांवर पडलं असावं, कारण सांडलेली तंबाखू झटकणारा त्यांचा हात थांबला. त्यांनी एबनकडे बघितलं.

"एबन... तूच म्हनला न्हवतास? कप्तानाचा हात आडवा पायजे, उभ्या दांड्यावर हात खुरटा दिसतो. मी म्हनलं, फिरवू का? तू म्हनलास, फिरवा, आता कुठं काय चालू हाय."

एबनला आठवलं. सगळं एकदम आठवलं. दांडा उभा होता. पाइपाच्या रेषेत, जसा असायला पाहिजे तसा उभा होता. चित्र भरल्यासारखं दिसेना म्हणून त्यानेच तो आडवा करायला लावला होता. मग सुट्टी संपल्याची शिट्टी झाली आणि दोघं हसत हसत जिना उतरून गेले. मी बघतो त्येच काढतो म्हणणाऱ्या माणसाने त्या दिवशी आधी मनात चित्र काढलं होतं आणि मग ते इतके महिने खरं म्हणून बघत राहिला होता.

"चित्रासाठी?" साईने विचारलं.

सुलक्षणाबाईंनी पदराने तोंड झाकलं. विश्वजीत सर, ज्यांनी ते चित्र सगळ्यात चांगलं म्हणून छापलं होतं, ते कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून उभे राहिले.

चौकशी झाली. एबनला आणि आप्पांना काही दिवस घरी बसवलं, ठेकेदार बदलला, कुलुपाची पद्धत बदलली. कामावर परत घेताना साहेब म्हणाले, तुम्ही दोघांनी ते बंद केलं आणि तुमच्याच चित्रामुळे ते सापडलं, आता तुम्हाला शिक्षा करू का हार घालू ते मला कळत नाही. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

एबनने मात्र हातात पेन्सिल धरली नाही. कृपाने मशीन बाजूला सरकवून ठेवलं तरी तो टेबलापाशी जाईना.

"देवानं तुमच्या हाताला डोळे दिलेत," ती एकदा वैतागून म्हणाली, "तुम्हाला कवा देनार काय म्हाईत." आणि मग तिलाच वाईट वाटून तिने त्याला चहा करून दिला.

पाऊसपाणी झालं, दिवाळी आली आणि गेली. 'दूरस्थ'चा अंक पहिल्यांदाच 'ए. वा.'शिवाय निघाला. असाच एका रविवारी, चर्च सुटल्यावर, आप्पा केडगावला घरी आले. सोबत दुधाची किटली. बसले, पाणी प्याले, मिशा पुसल्या.

"कप्तान मेला का रं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, आप्पा."

"मग दिसंना कुठं? माझी नात मोबाइलमधी शोधती. म्हनती, आज्जा आला न्हाई अवंदा." आप्पांनी किटली पुढे सरकवली. "चित्र काढ. पर या बारीला माझे हात खिशात घाल. दोन्ही. कशालाच लावू नगं."

"अंतराळातल्या सुटाला खिसे नसतात, आप्पा."

"नसतात तर शिव. घरात मशीन हाय न्हवं का? कृपे, सांग ह्याला."

एप्रिलमध्ये शिरूरला पुन्हा मेळावा भरला. हॉलच्या मधोमध चित्र होतं आणि त्याच्यापुढे, खुर्चीवर, खरा मिशीवाला कप्तान धोतर-टोपीत बसला होता. लोक त्याच्याबरोबर फोटो काढायला रांग लावून उभे होते. खोडसत्र सुरू झालं. एबन हाताची घडी घालून चित्राशेजारी उभा राहिला. त्याच कप्तानाचे हात या खेपेला दोन मोठ्या खिशांत होते आणि मागच्या सगळ्या व्हॉल्व्हचे दांडे पाइपाच्या रेषेत उभे होते.

"अंतराळवीराला खिसे?" एक नवा सभासद म्हणाला. "हातमोज्यांसकट हात खिशात जातीलच कसे? आणि पोकळीत खिशांचं काम काय?"

सुलक्षणाबाई पुढच्याच रांगेत होत्या. त्यांनी गेल्या वर्षीसारखं चित्राला नाक लावून सगळे दांडे एकेक करून तपासले होते. एकही आडवा सापडला नव्हता.

सरांनी एबनला बोलायची परवानगी दिली. एबनने आप्पांकडे बघितलं. आप्पा मिशा सारख्या करत होते.

"चूक हाय," एबन म्हणाला. "पटली मला." आणि तो पिंपाकडे गेला. पहिला पेला भरून त्याने आप्पांपुढे धरला, आणि आप्पांनी तो दोन्ही हातांनी घेतला.